सकाळपाळी

सकाळी साडेसात

ड्युटी आठची, पण मी साडेसातलाच वॉर्डात येते. आठनंतर पेशंट पेशंटासारखे वागायला लागतात. चादर ओढून उताणे पडतात आणि डॉक्टरांची वाट बघतात. त्याआधीचा अर्धा तास ते घरच्यासारखे असतात. कोण आपल्या पायाने तोंड धुवायला गेला, कोणाला लेकाने काखेत धरून नेलं, कोणाचा चहा पेल्यात तसाच निवला, कोण रात्रभर उशाला टेकून बसूनच होता, हे येता-जाता दिसतं. केसपेपरवर यातलं काही नसतं.

परभणीतल्या एका सरकारी दवाखान्यातला हा पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड. मी इथे अधिपरिचारिका. भादवा सरत आलाय, पित्रं चालू आहेत. सोयाबीन काढणीला आलंय, कपाशीवर फवारे चालू आहेत. या दिवसांत वॉर्डात कोण येणार ते शेत ठरवतं: फवारणीचं औषध भिनलेले, काढणीत साप चावलेले, पावसाळी तापाचे. साखरेचे, दम्याचे आणि हृदयाचे बारमाही असतात. जिंतूर, सेलू, पाथरी, पालम, पूर्णा, सगळीकडून येतात. पुढे ज्यांच्याविषयी लिहिलंय त्यांची गावं, वयं आणि खाटांचे नंबर बदलले आहेत.

आठ

ओव्हर. रात्रपाळीची सिस्टर वही घेऊन खाटेखाटेशी थांबते. "दोन नंबर सेम. तीन नंबर अ‍ॅट्रोपिन कमी केलंय, झोपला नीट. चार नंबर सेम." भारतीय परिचर्या परिषदेच्या प्रमाणानुसार साध्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. आम्ही सकाळी दोघी, खाटा चाळीस, आणि वर जमिनीवरच्या गाद्या. तिने रात्र एकटीने काढलीय. तिच्या 'सेम'वर रागावण्यात अर्थ नाही.

म्हणून ओव्हर संपल्यावर मी एकच प्रश्न विचारते: रात्रीत तुला कोणाचं काही खटकलं का? यावर बहुतेक वेळा काहीतरी निघतं. आज ती पर्स उचलता उचलता म्हणाली, "अकरा नंबरचे चाचा लई शांत झालेत गं. परवा सलाईन लावताना केवढे भांडले होते माझ्याशी. काल काहीच बोलले नाहीत."

वहीत अकरा नंबरपुढे 'सेम'च होतं.

साडेआठ

ताप, नाडी, बी.पी., ऑक्सिजन. मशीन असतं ते सगळं पटापट होतं. श्वासाला मशीन नाही. तो घड्याळ लावून मोजावा लागतो, पूर्ण मिनिटभर. चाळीस पेशंटांची चाळीस मिनिटं कोणाकडेच नसतात. म्हणून कुठल्याही दवाखान्यातला जुना चार्ट काढून बघा, श्वासाच्या रकान्यात वीस, वीस, वीस, वीस लिहिलेलं सापडेल. माणूस मरायच्या आदल्या पाळीतही वीसच. इंग्लंडात २०१२ साली तिथल्या फिजिशियनांच्या कॉलेजने धोक्याची पूर्वसूचना देणारा गुणतक्ता काढला. त्यात मिनिटाला पंचवीस किंवा त्याहून जास्त श्वास असले की एकट्या त्या आकड्याला सगळ्यात जास्त, म्हणजे तीन गुण मिळतात. बी.पी. पडायच्या कितीतरी आधी श्वास वाढतो.

सगळ्यांचा मिनिटभर मोजणं मला जमत नाही. कोणाचा मोजायचा ते ठरवते, आणि माझ्या मते आमच्या कामातला निम्मा निर्णय हाच. आज चाचांचा.

श्वास मोजतेय म्हटलं की माणूस श्वास बदलतो. म्हणून मनगट धरायचं, नाडी बघतोय असं दाखवायचं आणि नजर पोटावर ठेवायची. "कैसे हो चाचा?" "ठीक हूँ बेटी." अठ्ठावीस. ऑक्सिजन ९४, म्हणजे मशीनच्या लेखी बरं. ताप उतरलेला, हात गार. "रात को क्या खाए?" त्यांनी ईदच्या शीरखुर्म्याचं काहीतरी सांगितलं. सून बाजूलाच होती, ती हसली. तिला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. मी ड्युटी डॉक्टरांना फोन केला: न्यूमोनियाचा पेशंट, श्वास अठ्ठावीस, बी.पी. ९६ वर आलंय, परवा भांडत होते, आज विचारलं एक तर सांगतात भलतंच. डॉक्टर पाच मिनिटांत आले. शेवटचं वाक्य मी मुद्दाम शेवटी ठेवते. नुसतं 'जरा सुस्त वाटतायत' म्हटलं असतं तर 'राउंडला बघू' हे उत्तर ठरलेलं होतं.

सव्वानऊ

तीन नंबर. जिंतूरकडचा पोरगा, तिशीही नाही. परवा दुपारी आणला. "फवारताना अंगावर उडालं, तोंडात गेलं," असं भावाने सांगितलं. आला तेव्हा लाळ गळत होती, बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी, छाती घरघरत होती. दोन दिवस अ‍ॅट्रोपिनवर काढले. आज छाती स्वच्छ, बुबुळं ठीक, नाडी ठीक. बायको म्हणाली, "आता लई बरं हाय बाई. रात्री दोन घास खाल्ले. सुट्टी कधी देतेत?"

फवारणीच्या औषधात इथेच माणूस फसतो. विष उतरल्यासारखं दिसतं, आणि एक ते चार दिवसांच्या मधे कधीतरी स्नायूंची ताकद जायला लागते. आधी मान, मग खांदे, मांड्या, आणि मग श्वास घ्यायचे स्नायू. तेव्हा अ‍ॅट्रोपिनचा काही उपयोग नसतो. श्रीलंकेतल्या सेनानायके आणि करालियड्डे या डॉक्टरांनी १९८७ साली याचं नीट वर्णन केलं. पहिला झटका आणि पुढे कित्येक दिवसांनी येणारा नसांचा लुळेपणा, या दोन्हींच्या मधला म्हणून त्याला मधला विकार म्हणतात. 

हे ओळखायला तपासणी अगदी फुकटची आहे. मी उशीवर हात ठेवला. "भाऊ, मान उचला. हनुवटी छातीला लावायची. धरून ठेवा."

काल त्याने उचलली होती आणि वर माझ्याकडे बघून हसला होता. आज उचलली, थरथरली आणि खाली पडली. परत सांगितलं. या वेळी खांदा वळवून, कोपर टेकवून उचलायला गेला. मी कोपर धरलं, मान उशीवरच. "आता एका दमात एक, दोन, तीन म्हणा. जमेल तिथवर." काल सव्वीसपर्यंत गेला होता. आज चौदाला अडकला. ऑक्सिजन ९७.

९७ म्हणून थांबायचं नसतं. ऑक्सिजन पडेल तेव्हा नळी टाकायला धावपळ होईल. आता आयसीयूत गेला तर सावकाश, उजेडात, चार माणसं हाताशी असताना जाईल. डॉक्टरांना फोनवर सांगितलं: मान काल धरत होता, आज धरत नाही, काल सव्वीस, आज चौदा. त्यांनी विचारलं, "सॅचुरेशन?" सांगितलं. दोन सेकंद गप्प राहिले, मग म्हणाले, "बेड बघतो." पाऊण तासात तो वर गेला. व्हेंटिलेटर लागला तर लागला. ही मंडळी बहुतेक एक-दोन आठवड्यांत आपल्या श्वासावर परत येतात, फक्त तेवढा काळ कोणीतरी त्यांच्या बदली श्वास घ्यावा लागतो. बायकोला हे एवढंच सांगितलं, दोनदा सांगितलं.

ट्रॉली निघाली तेव्हा खाटेखाली प्लास्टिकची पिशवी दिसली. परवाचे कपडे, तशीच गाठ मारलेले. भाऊ म्हणाला, "पँट नवी हाय, जाताना घालून न्यायची." हीच पँट घालून गेला असता तर कातडीतून ते औषध परत आत गेलं असतं. केस पोलिसांकडे नोंदलेली असते, म्हणून पिशवी परस्पर फेकता येत नाही. बंद करून, नोंद करून बाजूला ठेवली. सगळ्यांना साबणाने हात धुवायला लावले.

आणि एक गोष्ट मी त्याच्या कागदावर न लिहिता इन्चार्ज सिस्टरच्या कानात सांगितली. अंगावर उडालं म्हणतात, पण परवा हातांवर, शर्टावर वास नव्हता. वास श्वासाला होता. भाऊ सांगताना बायको जमिनीकडे बघत होती. हे चाळीस माणसांच्या वॉर्डात विचारायचं नसतं. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसावर प्रचंड ताण होता असंच २०१७ चा कायदा धरून चालतो, शिक्षेचा विचार करत नाही. पण गावात अजून हे पोचलेलं नाही. तो श्वास घ्यायला लागला, बोलायला लागला की मानसोपचाराचे डॉक्टर बघतील. तोवर त्याच्याजवळ कायम घरचं कोणीतरी हवं. सुट्टीच्या दिवशी आम्ही भावाला बाजूला घेऊन विचारू, घरात औषधाचे डबे कुठे आहेत. मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनाचा 'प्रेरणा' प्रकल्प चालतो, त्यात परभणी आहे. टेलिमानसचा १४४१६ नंबर कार्डावर लिहून देऊ. डब्यांचं मी जास्त धरून बसते. श्रीलंकेत नव्वदच्या दशकापासून जहाल कीटकनाशकांवर बंदी येत गेली आणि आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. माणसांची दुःखं तिथे काही निम्मी झाली नसतील. त्या घटकेला हाताशी डबा नव्हता.

साडेदहा

राउंड उशिरा झाला. सर झपझप चालत म्हणाले, "सहा, नऊ, चौदा सुट्टी."

सहा नंबर सर्पदंशाचा, मानवतचा. घोणस. नातेवाइकांनी मारलेला सापही पिशवीत घालून आणला होता. तो आणू नका, आणण्यात वेळ जातो आणि दुसरा दंश व्हायची भीती असते, असं दर वर्षी सांगतो. रक्त साध्या काचेच्या नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवतात, गोठतं का बघतात. नळी काचेचीच लागते आणि साबणाने धुतलेली चालत नाही. कालपासून त्याचं रक्त नीट गोठतंय, लघवी साफ आहे. जाऊ दे.

नऊ नंबरवर मी म्हटलं, "सर, नऊ नंबर उद्या दिला तर?"

हृदयाचे पेशंट, सत्तरीपुढचे, पालमकडचे. पायावरची सूज उतरली, फुफ्फुसातलं पाणी उतरलं, झोपलेले असताना सगळे आकडे छान. पण त्यांच्या घरी शौचाला शेताकडेला जावं लागतं आणि वाटेत चढ आहे. हे मला त्यांच्या लेकाने डबा देताना सांगितलंय. म्हणून साडेसातला मी त्यांना वॉर्डाच्या टोकाच्या बाथरूमपर्यंत चालवून आणलं होतं. "चालून आल्यावर ऑक्सिजन ८७ झाला सर, आणि दोनदा भिंतीला टेकले." सरांनी चालवून बघायला सांगितलं नव्हतं. पण आकडा हातात असला की पुढे वाद होत नाही. "उद्या बघू," म्हणाले.

वाद झाला तो काकांशी. "उद्या माझ्या बापाचं पित्र हाय. थोरला म्याच हाव. मी नाय गेलो तर पान कोण वाढणार?" लेक पडलेल्या तोंडाने उभा, वडिलांची बाजू घ्यावी की माझी, त्याला कळेना. यावर वैद्यकीय उत्तर काही नाही. मी म्हटलं, "काका, तिथ चुकली तर सर्वपित्रीला चालतं ना? अमावस्येला अजून पाच दिवस आहेत." ते थोडा वेळ छताकडे बघत राहिले. मग लेकाला म्हणाले, "आत्याला फोन लाव. भटजीला सांग आमुशाला म्हणून." असल्या गोष्टी नर्सिंगच्या कुठल्या पुस्तकात नाहीत आणि निम्मे 'डामा', म्हणजे सल्ला डावलून निघून जाणारे पेशंट, असल्याच कारणांनी जातात. ते अडाणी असतात असं म्हणून आपण मोकळे होतो.

काकांना मीठ तोडायचंय, ते शिकवणं एक दिवस लांबलं ते बरंच झालं. ते लेकाला सांगून उपयोग नाही, सून आली की सांगेन. भाजीतलं मीठ सगळे कमी करतात. ठेचा, लोणचं, पापड मिठात धरतच नाहीत. रोज वजन करा असंही कार्डावर छापलेलं असतं. वजनकाटा कोणाच्या घरी असतो? पिठाच्या गिरणीत असतो. दर दोन दिवसांनी सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, त्याच कपड्यांत, गिरणीच्या काट्यावर. दोन किलो वाढले की दम लागायची वाट बघायची नाही, यायचं.

बारा

चौदा नंबर, गंगाखेड तालुका. पन्नाशीचे, साखर चारशेच्या वर घेऊन आले होते, पायाला जखम. जखम सुकतेय. आता जन्मभराचं इन्सुलिन, सकाळी अठरा, संध्याकाळी बारा. त्यांना जवळचं दिसत नाही, म्हणून टोचणार त्यांची बायको. सातवीपर्यंत शिकलेली, हात स्थिर. खरी पेशंट माझ्या लेखी तीच.

कार्ड इंग्रजीत. ते मी बाजूला ठेवलं आणि आधी म्हटलं, "घरून आणलेली गोळ्यांची पिशवी उपडी करा." खाटेवर ढीग पडला. तालुक्याच्या डॉक्टरची साखरेची गोळी आणि इथली साखरेची गोळी, नावं वेगळी, आत औषध तेच. दोन्ही चालू ठेवल्या असत्या. गुडघेदुखीची गोळी, जी त्यांच्या किडनीला नको. तीन-चार गोळ्या वेगळ्या काढून तिच्या हाताने कचऱ्यात टाकवल्या. मी टाकल्या असत्या तर तिने घरी जाऊन परत आणल्या असत्या.

मग सुई. आपल्याकडे सरकारी बाटली ४० युनिटची. तिला लाल टोपणाची सिरिंज. दुकानात १०० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज मिळते, तिचं टोपण नारंगी. ४० च्या बाटलीतलं औषध नारंगी सिरिंजमध्ये अठराच्या रेघेपर्यंत ओढलं तर पोटात फक्त सात युनिटं जातील. उलटं झालं, १०० चं औषध लाल सिरिंजमध्ये, तर अडीचपट जाईल आणि माणूस झोपेतच घाम येऊन गार पडेल. या देशात दोन्ही शेजारी शेजारी विकतात. बाटली आणि सिरिंज तिच्या हातात देऊन म्हटलं, "आता मी शिकणार, तुम्ही सिस्टर. मला शिकवा." पहिल्यांदा हवेचा बुडबुडा राहिला. दुसऱ्यांदा बरोबर. तिसऱ्यांदा मी मुद्दाम तिला नारंगी टोपणाची दिली. तिने ती उलटीपालटी करून बघितली आणि परत केली. "ही नाय ना?" मग मात्र मी सही केली.

फ्रिज नाही. गावात किराणा दुकानदाराकडे आहे, पण तो सारखा उघडतो, आणि दुसऱ्याच्या फ्रिजमध्ये ठेवलेलं औषध संध्याकाळी दुकान बंद असताना मिळत नाही. मातीचा माठ, तळाला थोडं पाणी, त्यात झाकणाच्या डब्यात बाटली, माठाला ओलं फडकं, सावलीला. परभणीचा मे महिना बाटलीला सोसत नाही. उघडलेली बाटली महिन्याभरात संपवायची. बाटलीवर तारीख तिच्याकडूनच लिहून घेतली.

निघता निघता विचारलं, "काका, पुढच्या आठवड्यात घट बसतात. उपास?"

"धरतो की. नऊ दिवस. चपलासुद्धा घालत नाही."

पायाला जखम, नव्याने लागलेलं इन्सुलिन, नऊ दिवस निराहार आणि अनवाणी. त्यांनी हे कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. परत खुर्ची ओढली. अर्धा तास गेला. शेवटी ठरलं: उठता-बसताचा एकेक उपास, तोही फराळ करून, आणि त्या दोन दिवशी किती टोचायचं ते आज सरांकडून लिहून घ्यायचं. चपला घालायच्या, घटाच्या खोलीत काढल्या तरी चालतील. उरलेल्या सात दिवसांचे उपास बायको धरणार. ती म्हणाली तसं, आणि त्यांनी ऐकलं. मी त्यात पडले नाही.

एक

सुट्टीचे कागद होईपर्यंत एक वाजतो. म्हणून सकाळीच विचारून ठेवायचं असतं की गावची शेवटची गाडी कितीला आहे. ७५ च्या पुढच्यांना एसटी फुकट, बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट. पण ती गाडी चुकली तर जीप करायला लागणारे पैसे औषधातून निघतात. चौदा नंबरच्या गावच्या आशाताईला फोन केला: सकाळी एकदा डोकावून या, सुई कशी धरतात बघा, जखमेवर माश्या बसू देऊ नका. तिने विचारलं, "उपासाचं बोललात का? दरसाल धरतेत ते." बोलले, म्हटलं. तिला बरं वाटल्याचं फोनवरही कळलं.

दोन

ओव्हर देताना मी 'सेम' म्हणायचं टाळते, दरवेळी जमतंच असं नाही. चाचा ऑक्सिजनवर, नवीन अँटिबायोटिक सुरू, चारला परत श्वास मोज, पूर्ण मिनिट, आणि जेवणाचं विचार. तीन नंबर आयसीयूत. वरून फोन आला होता, साडेबाराला नळी टाकली, सावकाश झालं. त्याची बायको अजून आमच्याच वॉर्डाच्या दारात बसलीय, लेकरू मांडीवर, तिला काही खायला दे. नऊ नंबर उद्या, सून आली तर मिठाचं मी उद्या सांगते, तू नको सांगू, दोन बायकांनी दोन तऱ्हेने सांगितलं की गोंधळ होतो.

संध्याकाळी सहा

पेशंटांना आपला फोन नंबर देऊ नये म्हणतात. मी देते. फोन गंगाखेडच्या स्टँडसमोरच्या मेडिकलमधून होता.

"सिस्टर, म्या चौदा नंबरची. दोन सिरिंजा जास्तीच्या घ्यावं म्हणलं, तर हा नारंगी टोपणाची द्यायलाय. म्हणतोय, इन्सुलिनची सिरिंज म्हणजे एकच असती."

"त्याला फोन द्या."

दुकानदार नम्र होता. ४० ची संपलीय मॅडम, उद्या माल येतो. मी म्हटलं, मग उद्याच द्या, आजच्यापुरत्या आहेत त्यांच्याकडे. फोन परत तिच्याकडे गेला.

"म्या सांगितलंच होतं त्याला, लाल पायजे म्हणून. ऐकंचना," ती म्हणाली. "ठेवते आता. गाडी लागलीय, आन् जेवायच्या आधी टोचायचंय."

हे सांगताना ती माझ्याशी बोलत होती की दुकानदाराला ऐकवत होती, ते नक्की सांगता येणार नाही.